हरित उत्सवातून काय आणावे आणि घरात ते कोण सांभाळणार?

वाचकाचे पत्र

पुण्यात दर हिवाळ्यात पर्यायी आणि हरित जीवनशैलीचा तीन दिवसांचा एक उत्सव भरतो. गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदाच गेले आणि भारावून जाऊन जवळजवळ सात हजार रुपयांची खरेदी करून बसले. ओल्या कचऱ्याचे खत करण्याची बादली, बांबूचे ब्रश, लाकडी घाण्याचे तेल, खपली गव्हाचे पीठ, भाज्यांचे देशी बियाणे, फरशी पुसायचे बायोएन्झाइम असे बरेच काही आणले. बादलीत अळ्या झाल्या, ब्रशना बुरशी आली, दोडका आणि भोपळ्याच्या बिया जेमतेम उगवल्या. यजमान या सगळ्याला श्रीमंतांचे चोचले म्हणतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही राखेने भांडी घासत होतो तेव्हा कुणी उत्सव भरवला नाही." एका स्टॉलवर तर सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतील असे सांगून भरडधान्यांचे एक मिश्रण दिले, ते पाकीट अजून उघडलेले नाही. यंदा पुन्हा जावेसे वाटते आणि दहा वर्षांच्या मुलीलाही यायचे आहे, पण घरात विषय काढायची धास्ती वाटते. जावे का? आणि फसगत कशी टाळावी?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

जरूर जावे, आणि या वेळी मैत्रिणींऐवजी सासूबाई, यजमान आणि मुलगी या तिघांना बरोबर घेऊन जावे. मात्र आधी त्या पाकिटाचा निकाल लावू, कारण तुमच्या पत्रातली खरोखर धोक्याची गोष्ट तेवढीच आहे. ज्वारी, नाचणी, राळा, वरी ही चांगली धान्ये आहेत आणि ती रोजच्या ताटात जरूर असावीत. परंतु त्यांच्या भरवशावर मधुमेहाची चालू औषधे बंद करणे हा सासूबाईंच्या जिवाशी खेळ होईल. पाकिटावर घटक आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला नसेल तर ते सरळ टाकून द्यावे. छापलेला असेल तर धान्य म्हणून भाकरीत वापरावे, गोळ्या पूर्ववत चालू ठेवाव्यात आणि आहार बदलला आहे हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. गोळ्यांचे प्रमाण कमी करायचे की नाही, हे रक्ततपासणी पाहून तेच ठरवतील. मधुमेहावर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत वेष्टनावरचा मजकूर व तोंडी केलेली घोषणा हे दोन्हीही येतात. यंदा तो स्टॉल पुन्हा दिसला तर संयोजकांकडे लेखी तक्रार द्या. पर्यायी जीवनशैलीच्या नावाखाली पर्यायी वैद्यकी विकणारी मंडळी अशा उत्सवांत हटकून असतात, आणि खत, बियाणे, दुरुस्ती यांसारखी प्रामाणिक कामे करणाऱ्यांची पत त्यांच्यामुळे जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरेदीविषयी. तुमची यादी वाचताना असे दिसते की आणलेल्या बहुतेक वस्तूंबरोबर एकेक रोजचे काम घरात आले आणि ते कोणी करायचे हे कोणीच ठरवलेले नव्हते, म्हणजे ते आपसूक तुमच्या गळ्यात पडले. खताची बादली हलवावी लागते, तिच्यासाठी सुका पाला जमवावा लागतो, बांबूचा ब्रश कोरडा ठेवावा लागतो, कुंड्यांना पाणी घालावे लागते. विकणारा वस्तूची किंमत सांगतो, तिच्या पाठोपाठ येणाऱ्या मेहनतीची सांगत नाही. म्हणून यंदा पैसे देण्यापूर्वी तिथेच, सगळ्यांसमोर, हे काम कोण करणार ते ठरवावे. आणि कोणीच पुढे आले नाही तर वस्तू कितीही गोजिरवाणी असली तरी परत ठेवावी. मला विचाराल तर अशा उत्सवात जाण्याचा खरा फायदा खरेदीत नाहीच. तिथल्या बहुतेक वस्तू आज घरबसल्या मागवता येतात. त्या पिकवणाऱ्या आणि बनवणाऱ्या माणसाला समोरासमोर प्रश्न विचारता येणे, ही संधी मात्र एरवी शहरात मिळत नाही.

इथेच सासूबाई उपयोगी पडतील. त्यांचे बोलणे टोमणा म्हणून मनाला लावून घेऊ नका, कारण त्यात तथ्य आहे. राख, रिठे, शिकेकाई, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, उन्हाळ्यातली वाळवणे हे सगळे त्यांच्या पिढीने केले, आणि ते घरातल्या बायकांनी चुलीच्या धुरात, कोणी वाहवा न करता केले. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्या फलकांवर हा भाग कधी छापलेला माझ्या पाहण्यात नाही. निघण्यापूर्वी त्यांना मोकळेपणाने विचारा की यातले कोणते काम आजही आवडीने कराल आणि कोणते सुटले म्हणून हायसे वाटले. शिकेकाई कुटायला त्या तयार असतील पण राखेने भांडी घासायचे नावही काढू नका म्हणतील, तर तुमची निम्मी यादी तिथेच ठरून जाईल. शिवाय रिठे ताजे आहेत की वर्षभर पडलेले, तांदूळ खरोखर हातसडीचा आहे की नुसता कमी पॉलिश केलेला, हे त्यांना हातात घेताच कळेल. त्यांना सोबत येण्याचे निमंत्रण द्यायचे ते जाणकार म्हणून द्या.

यजमानांच्या "चोचले" या शेऱ्याला उत्तर वादाने देऊ नका, हिशेबाने द्या. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचेच पाहा. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते, पण घाण्यातून ते सगळे निघत नाही, बरेचसे पेंडीत राहून जाते. त्यामुळे एक लिटर तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. मार्केट यार्डात त्या आठवड्यात शेंगदाण्याचा जो भाव असेल त्याला अडीचने गुणावे, पेंड विकून सुटणारे पैसे वजा करावेत, मजुरी, वीज आणि बाटली यांचे थोडे वाढवावेत, म्हणजे तेलाची रास्त किंमत हाती येते. त्याहून पुष्कळ स्वस्त मिळत असेल तर त्यात दुसरे तेल मिसळले असण्याचा संशय घ्यावा, आणि दुप्पट सांगत असतील तर तुम्ही बाटलीवरच्या चित्राचे पैसे मोजत आहात असे समजावे. हा हिशेब यजमानांनी स्टॉलवर उभे राहून करावा. त्यांना त्यात रस वाटेल आणि विक्रेता खरा असेल तर तोही आनंदाने आकडे सांगेल. समोर घाणा फिरवून तेल काढून देणारी दुकाने आता पुण्याच्या बहुतेक भागांत आहेत, त्यामुळे तेलासाठी वर्षभर उत्सवाची वाट पाहण्याचे कारणही नाही.

गुळाच्या स्टॉलवर रंग पाहून भुलू नये. पिवळाधमक गूळ हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन टाकून केलेला असू शकतो हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे, पण म्हणून काळपट गूळ आपोआप रसायनमुक्त ठरत नाही. रस जास्त आटला किंवा गूळ जुना झाला तरी तो काळवंडतो. त्याऐवजी रसातली मळी कशाने काढली, हा प्रश्न विचारा. ज्याचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे तो भेंडीच्या झाडाचा चीक, चुन्याची निवळी, काहिलीखालचा जाळ, यावर बोलू लागेल आणि त्याला थांबवणे अवघड होईल. ज्याने माल कुठून तरी उचलून नुसती पाकिटे भरली आहेत तो लेबलाकडे बोट दाखवेल. तेल, गूळ, मध, तूप, कशाचेही असो, बनवण्यातला एखादा बारकावा विचारला की पाच मिनिटांत माणूस कळतो.

खपली गव्हाविषयी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. हे जुने आणि चवीला उत्तम धान्य आहे, त्याची खीर आणि पुरणपोळी सुरेख होते, परंतु ते ग्लूटेनमुक्त नाही. ज्यांना सीलिअॅक विकार आहे, म्हणजे गव्हातले ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही, त्यांनी खपलीही खाऊ नये, विक्रेता काहीही म्हणो. तसेच इंद्रायणी तांदूळ "शेकडो वर्षांचे पारंपरिक वाण" म्हणून चढ्या भावाने विकला जात असेल तर हसून पुढे जावे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार करून १९८७ मध्ये प्रसारित केलेले ते वाण आहे. चवीला छान आहे, मीही खातो, पण त्याला वारशाची किंमत मोजण्याचे कारण नाही. जुन्या वाणांचीच आवड असेल तर मुळशीचा आंबेमोहोर किंवा आजऱ्याचा घनसाळ मागावा. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

"सेंद्रिय" या शब्दामागे आपल्याकडे कायदा आहे. पाकिटबंद मालावर "जैविक भारत" हे चिन्ह असेल तर त्यामागे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणपत्र किंवा पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून दिलेली हमी असायला हवी. पीजीएसमध्येही "ग्रीन" याचा अर्थ शेत अजून रासायनिकाकडून सेंद्रियाकडे जाण्याच्या संक्रमणात आहे आणि "ऑरगॅनिक" याचा अर्थ ते पूर्ण झाले आहे, हा फरक लक्षात ठेवावा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र त्याला ते चिन्ह वापरता येत नाही. त्यामुळे आंबेगावहून टोपलीत घेवडा आणून बसलेल्या बाईंकडे चिन्ह नसणे हा फसवणुकीचा पुरावा मानू नये. त्यांच्याशी बोलावे. गाव कोणते, शेत किती, शेजारी फवारणी होते तेव्हा काय करता, यंदा कीड कशावर पडली, हे विचारावे. खरोखर रसायनांशिवाय शेती करणारा माणूस बुडालेल्या पिकाबद्दलही सांगतो. ज्याच्या शेतात कधीच काही बिघडत नाही त्याच्याविषयी मला शंका येते. "विषमुक्त", "निसर्गस्नेही" आणि "शुद्ध सात्त्विक" या शब्दांना मात्र असा कोणताही अधिकृत शिक्का नाही, ते कोणीही छापू शकतो.

तुमच्या बिया उगवल्या नाहीत यात बियाण्याचा दोष असेलच असे नाही. दोडका, भोपळा, काकडी आणि भेंडी यांना उगवायला उबदार माती लागते, आणि पुण्याच्या जानेवारीत, जेव्हा रात्रीचा पारा बऱ्याचदा बारा अंशांच्या खाली जातो, तेव्हा त्या बिया मातीत नुसत्या पडून राहतात आणि शेवटी कुजतात. हिवाळ्यातल्या उत्सवातून आणलेल्या बियांपैकी मेथी, पालक, मुळा आणि धने (हलके रगडून, दोन फाकी करून) लगेच पेरावेत. वेलवर्गीय बिया पूर्ण कोरड्या राखेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मृगाच्या पावसाबरोबर लावाव्यात. गेल्या वर्षीच्या काही शिल्लक असतील तर टाकू नका. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून आठवडाभर ठेवल्या की त्यांत किती जीव आहे ते समजते, आणि हे काम मुलीकडे सोपवण्यासारखे आहे.

बियाण्याच्या स्टॉलवर दोन गोष्टी विचाराव्यात: बी कोणत्या हंगामातले आहे आणि त्याचे बी पुढच्या वर्षी धरता येईल का. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची झाडे मूळ झाडासारखी निपजत नाहीत, सरळ वाणाची निपजतात, आणि देशी बियाण्याचा सगळा अर्थ तिथेच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी वाल, घेवडा आणि भात यांची जुनी वाणे जपली, त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ते याच साध्या कामासाठी. मुलीला जाता जाता ही गोष्ट जरूर सांगा. मात्र तुमच्या गॅलरीत चार-पाच तास ऊन येत नसेल तर वेलभाज्यांचा नाद सोडून अळू आणि पुदिना लावावा.

बादलीतल्या अळ्यांनी तुम्ही हबकून गेला आहात, पण त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असाव्यात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. त्या झाल्या याचा अर्थ बादलीत ओले जास्त आणि सुके कमी पडले. वास येत असेल तर हवाही खेळत नाही. जितका ओला कचरा टाकाल निदान तितकाच, आणि पावसाळ्यात दुप्पट, सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा प्रत्येक वेळी वर पसरावा आणि दोन दिवसांआड सगळे खालीवर करावे. मूठभर मिश्रण हातात दाबले तर बोटांना ओल लागावी पण पाणी गळू नये, इतपत ओलावा योग्य. बादलीबरोबर मिळणारी जिवाणूंची पावडर संपली तर विकत आणू नका. आंबट ताक किंवा जुन्या खताची ओंजळ तेच काम करते. उरलेली आमटी आणि तेलकट रस्सा त्यात ओतू नये. हे काम यजमानांनी घ्यावे असे मी सुचवेन, कारण त्यात कौशल्य कमी आणि सातत्य जास्त लागते. शिवाय पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणाचा प्रकल्प प्रत्यक्ष चालू असणाऱ्यांना मालमत्ताकरात ५ ते १० टक्के सवलत देते, ही माहिती त्यांच्या कानावर पडली की सोसायटीच्या पुढच्या बैठकीत त्यांनाच उत्साह येण्याचा संभव आहे.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर सौरऊर्जेच्या स्टॉलवर त्यांना थोडा वेळ मोकळे सोडा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते आणि त्याला गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, एवढे आकडे डोक्यात ठेवून गेले की विक्रेत्याची अतिशयोक्ती लगेच पकडता येते.

बांबूच्या ब्रशचे तंतू बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, त्यामुळे तो पूर्ण कुजणारा आहे हे म्हणणे अर्धेच खरे. वापरल्यावर झटकून, उघड्या हवेत, डोके वर करून ठेवला तर बुरशी येत नाही. बुरशी आलेले मात्र दातांना लावू नका, मिक्सरची भांडी घासायला घ्या. बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेले आम्लधर्मी द्रावण. सिंक आणि बाथरूमच्या टाइल्ससाठी ते चालते. तुमच्या घरात शहाबादी फरशी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर मात्र ते वापरू नये, कारण हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांची तकाकी जाते. ते घरीही होते: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने धीर, पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यावा आणि काचेची बरणी वापरू नये, कारण ती फुटू शकते.

सासूबाईंना उत्सवातली गर्दी सोसणार नसेल तर त्यांच्यासाठी ऑगस्टची वाट पाहा. कृषी विभाग जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे करटोली, टाकळा, कुर्डू आणि भारंगी घेऊन आलेल्या बायकांशी त्यांचे गोत्र तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर जुळेल, आणि तिथले भावही यजमानांना पटण्यासारखे असतात. रानभाजी घेताना ती कशी शिजवायची हे विकणारीलाच विचारून घ्यावे; काही भाज्या नीट उकळून पाणी टाकल्याशिवाय खाल्ल्या तर घशाला खाज सुटते.

यंदाच्या फेरीसाठी रक्कम आधी ठरवून ती रोख न्यावी, म्हणजे फोनवरून पैसे देताना सुटतो तसा हात सैल सुटत नाही. कापडी पिशव्या, पाण्याची बाटली आणि रिकामे डबे बरोबर असावेत, कारण अनेक स्टॉलवाले सुटे धान्य आणि तेल तुमच्याच भांड्यात देतात. घरातला बंद पडलेला मिक्सर किंवा चेन तुटलेली बॅगही न्यावी. दुरुस्तीचा कोपरा असेल तर मुलीला अर्धा तास तिथे बसवा, सगळ्या व्याख्यानांपेक्षा ते तिच्या लक्षात राहील. पटलेल्या शेतकऱ्याचा नंबर घेऊन ठेवा आणि तांदूळ-डाळीची वर्षाची मागणी नंतर सवडीने द्या. रविवारी संध्याकाळी कोणालाही धड बोलायला वेळ नसतो आणि बियाण्यांचे चांगले नमुने पहिल्या दिवशीच संपतात, तेव्हा सुट्टी मिळत असेल तर शुक्रवारी सकाळीच पोहोचा.